उथळ पाण्याची राखण : एका पाणथळ जागेवरच्या कामाच्या नोंदी

२५ ऑक्टोबर

वस्तीच्या खालच्या अंगाला एक पाणथळ जागा आहे. पावसाळ्यात तुडुंब भरते, उन्हाळ्यात बहुतेक आटते. निम्म्याहून जास्त भागावर जलपर्णी माजली आहे, एका बाजूने राडारोडा टाकला जातो आणि एका नाल्यातून सांडपाणी येतं. आम्ही काही जणांनी इथलं काम हाती घेतलं आहे. दुसरीकडे कुणी असं काम करणार असेल तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

सुरुवातीला एकाही अवजाराला हात लावायचा नाही असं ठरवलं. आधी पाणी कुठून येतं, कुठून बाहेर पडतं आणि कुठपर्यंत चढतं, एवढंच बघायचं. सध्या पाणी सगळ्यात वर आहे, त्यामुळे हद्द आखायला हीच वेळ योग्य. काठाकाठाने फिरून जिथे पाणी टेकलं आहे तिथे खुंट्या ठोकल्या, प्रत्येक खुंटीजवळ तारखेसह फोटो काढला. उन्हाळ्यात ही रेषा कुणाला दिसत नाही, आणि मग 'ही तर पडीक जमीन' म्हणायला लोक मोकळे होतात. गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं बघता येतात. वेगवेगळ्या वर्षांच्या पावसाळ्यानंतरची चित्रं काढून आमची रेषा त्यांवर ताडून पाहिली. जुळली. हा कागद पुढे फार कामाला येणार आहे.

सगळ्यात खोल जागी लोखंडी नळी ठोकून तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा रंगवल्या. दर रविवारी पाण्याची पातळी वाचून वहीत टिपायची. ज्याला दुसरं काहीच करणं जमत नाही त्याने एवढं तरी करावं. पातळीची वही नसेल तर पुढची प्रत्येक चर्चा 'मला वाटतं' आणि 'तुला वाटतं' यावर येऊन थांबते.

६ नोव्हेंबर

गुरं राखणारे आणि मासे धरणारे यांच्याकडून जे कळलं ते कुठल्याही नकाशात नाही. पूर्वेच्या अंगाला एक ओढा मिळतो, तो रस्त्याच्या मोरीत अडला आहे. मोरी बुजल्यापासून चांगलं पाणी कमी झालं आणि सांडपाण्याचा वाटा वाढला. जलपर्णीची वाढ त्यानंतरची. म्हणजे दिसणारा रोग जलपर्णी असला तरी मूळ मोरीत आणि नाल्यात आहे.

पक्ष्यांची पहिली मोजणी केली. जागा ठरवून घेतल्या आहेत, तिथेच उभं राहून, त्याच वेळेला, तेवढाच वेळ मोजायचं. मोकळ्या पाण्यावर वारकरी आणि टिबुकल्या, जलपर्णीवरून चालणारे कमळपक्षी. पण खरी गर्दी दक्षिणेच्या उथळ काठावर आहे : शेकाटे, तुताऱ्या, चिखल्या, गवतात दबून बसलेले पाणलावे. घोट्याएवढंही पाणी नाही तिथे. पाहुण्यांना दाखवायला कुणी नेणार नाही अशी ती जागा, आणि सगळ्यात जास्त जीव तिथेच.

१९ नोव्हेंबर

जलपर्णी काढायला सुरुवात. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती. ऊन आणि खाद्य भरपूर मिळालं तर दोनेक आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो. म्हणून थोडी आज, थोडी पुढच्या महिन्यात असं काम उपयोगाचं नाही. काढण्याचा वेग तिच्या वाढीपेक्षा जास्त हवा.

सुरुवातीला दाताळ्यांनी ओढून काठावरच ढीग लावले. अवकाळी पावसाची एक सर आली आणि ढिगांतून काळं पाणी परत आत उतरलं. खालची रोपं तर ओल्या मातीत मुळं धरून हिरवीगार झाली होती. आता ढीग खुंट्यांच्या रेषेच्या बाहेरच लावतो. वजनाचा प्रश्न वेगळाच. ताज्या जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ती तशीच ट्रॉलीत भरली तर आपण पाण्याची वाहतूक करत राहतो, आणि या कामात वाहतुकीलाच सगळ्यात जास्त पैसा जातो. रेषेबाहेर पातळ पसरून, उलटीपालटी करून, कडक वाळवूनच उचलायची. फेऱ्या एकदम घटल्या.

दुसरी अडचण वाऱ्याची. सकाळी साफ केलेला भाग संध्याकाळी पुन्हा भरायचा, कारण सुटी झालेली रोपं वाऱ्याने तिथेच येऊन लागायची. रिकामे प्लास्टिकचे पिंप आणि बांबू दोरीने जोडून तरंगता अडसर केला. आता वारा जिकडून येतो त्या बाजूने साफ करत जायचं आणि अडसर पुढे सरकवत न्यायचा. तेव्हापासून साफ केलेलं साफ राहतं आहे.

यंत्र आणायचं का, यावर बरीच चर्चा झाली. काठावरून चालणारं मोठं यंत्र वेगाने काम करतं, पण त्याच्या वजनाने उथळ काठ चेंबतो आणि बकेटमध्ये जलपर्णीबरोबर गाळ, शिंपले, बेडूक सगळं येतं. ते फक्त रस्त्याच्या बाजूला, जिथे आधीच भराव आहे, तिथे चालवलं. बाकी हाताने. तणनाशक नको यावर सगळ्यांचं एकमत होतं : मेलेली जलपर्णी तळाशी जाऊन कुजते, पाण्यातला उरलासुरला प्राणवायू खाते आणि तिच्यातलं खत पाण्यातच राहतं.

पाण्यात उतरणाऱ्यांसाठी : गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय उतरू नका. पायाला जखम असेल तर काठावरचं काम घ्या. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस जिवावर बेततो. कामानंतर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा.

८ डिसेंबर

पाण्याच्या तपासणीचा संच आणला. पहाटे, जलपर्णीच्या गादीखालच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू जवळजवळ शून्य. लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक माशांना त्रास होतो. मोकळ्या पाण्यात दुपारी आकडा चांगला असतो आणि पहाटे तोच घसरतो. तपासणी फक्त दुपारी केली तर सगळं आलबेल दिसतं, म्हणून पहाटेचा आकडा घ्याच.

सांडपाण्याचा नाला बंद करणं आमच्या हातात नाही. वरच्या वस्तीची मलवाहिनी कधी होईल ती होवो, तोवर येणारं पाणी आत शिरण्याआधी थांबवायचं आणि वनस्पतींमधून गाळून पाठवायचं असं ठरलं. पाणथळ जागेला लोक निसर्गाची चाळणी म्हणतात, पण चाळणीत कचरा फक्त अडतो, इथे त्याचं रूप बदलतं. मुळांभोवतीच्या, प्राणवायू नसलेल्या चिखलातले जिवाणू सांडपाण्यातल्या नायट्रेटचा (जलपर्णीला पोसणारं एक खत) नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. दुसऱ्या खताचं, फॉस्फरसचं, तसं होत नाही. तो गाळाला चिकटतो किंवा वनस्पतीत शिरतो. गाळ उपसला किंवा वनस्पती कापून बाहेर नेली तरच तो जातो. पुढची सगळी रचना या एका फरकावर उभी आहे.

२९ डिसेंबर

नाल्याच्या तोंडाशी आधी गाळ बसायला एक खड्डा, त्यापुढे पाणकणीस आणि लव्हाळ्याचा पट्टा. रोपं याच जागेच्या दुसऱ्या टोकाकडून कंदासह आणली, बाहेरून काही आणलं नाही.

पहिली रचना फसली. पाण्याने पट्ट्याच्या मधोमध एक घळ पाडली आणि सगळं सांडपाणी त्या घळीतून सरळ आत जाऊ लागलं. दोन्ही बाजूंची रोपं कोरडी. रंगीत पाणी सोडून पाहिलं तर ते काही मिनिटांत पलीकडे पोहोचलं. पाणी जितका वेळ रेंगाळेल तितका वेळ जिवाणूंना काम करायला मिळतो, इतक्या घाईने गेलेल्या पाण्याचं काहीही होत नाही.

दुरुस्ती अशी : खड्ड्यातून पाणी बाहेर पडतं तिथे आडवी दगडांची रांग, म्हणजे पाणी एका जागी न पडता रुंदभर पसरतं. पट्ट्यात आलटून पालटून दोन्ही बाजूंनी मातीचे छोटे आडवे बांध, म्हणजे पाण्याला नागमोडी जावं लागतं. घळ माती दाबून भरली आणि तिथे दाट रोपं लावली. आता तेच रंगीत पाणी पलीकडे पोहोचेपर्यंत ओळखू येत नाही. मेहनत दुप्पट झाली, पण या कामातली सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती हीच.

१४ जानेवारी

या महिन्यात आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून. आमच्या जागेचे आकडे यंदा त्यात दिले. पक्षी ओळखता येणारा एक माणूस आणि एक दुर्बीण असली तरी भाग घेता येतो. अशा नोंदींमुळे 'डबकं' म्हणून हिणवलेल्या जागेला कागदावर ओळख मिळते.

२२ जानेवारी

आज बैठक होती. जागा सुधारायची आहे असा प्रस्ताव आला : खोलीकरण, चारी बाजूंनी दगडी बांधणी, फिरायला पायवाट, दिवे, मध्ये कारंजं, दक्षिणेच्या काठावर झाडं. सगळ्यांचा हेतू चांगला, आणि निधीही आहे. पण हे सगळं झालं तर तलाव राहील, पाणथळ राहणार नाही.

वाद घालण्यापेक्षा सगळ्यांना दक्षिणेच्या काठावर नेलं. चिखलाचं एक घमेलं भरून घेतलं आणि पिठाच्या चाळणीत घालून पाण्यात हळूहळू हलवलं. काळा चिखल निघून गेला. चाळणीत उरल्या त्या वळवळणाऱ्या लालभडक अळ्या, बोटाच्या पेराएवढ्या, मोजता येऊ नयेत इतक्या. चावा न घेणाऱ्या एका जातीच्या चिलटांच्या या अळ्या. रक्तातलं हिमोग्लोबिन यांच्याही अंगात असतं, म्हणून त्या लाल, आणि म्हणूनच प्राणवायू कमी असलेल्या चिखलात जगतात. त्यांच्यासोबत इवले शंख आणि चतुराची एक अळी. मग दुर्बीण दिली. तुतारी चोच चिखलात खुपसून वर काढत होती आणि दर वेळी चोचीत काहीतरी लाल होतं. हजारो किलोमीटर उडून येणारे हे पक्षी या चिखलावर जगतात. त्यांचे पाय आखूड. पाणी हातभर खोल केलं की ताट पुढ्यात असून उपाशी. बैठकीतल्या एका काकांनी चाळणी हातातून खाली ठेवलीच नाही, घरच्यांना दाखवायला घेऊन गेले.

पुढची चर्चा सोपी झाली. दगडी बांधणी केली की पाण्यातून जमिनीवर येणारा उतारच जातो. बेडूक, कासवं, पाणलावे सगळे त्या उतारावर असतात. झाडांना कुणाचा विरोध नाही, पण चिखलाच्या मैदानाशेजारी झाडं उभी राहिली की शिकारी पक्ष्यांना बसायला जागा होते आणि उघड्यावर चरणारे पक्षी ती जागा सोडतात. गाळ उपसून उन्हात टाकला की वर्षानुवर्षं कुजण्यावाचून साठलेला कार्बन हवेत जातो. जगातल्या जमिनीच्या जेमतेम ३ टक्के भागावरच्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर) असलेल्या दलदलींत सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्याहून जास्त कार्बन आहे तो याच कारणाने. आमच्याकडे पीट नाही, पण चिखलाचा नियम तोच.

फ्लोरिडातल्या किसिमी नदीचं उदाहरणही सांगितलं. पुराला आळा घालायला म्हणून १९६०च्या दशकात सुमारे १६६ किलोमीटरची वळणावळणाची नदी ९० किलोमीटरच्या सरळ कालव्यात कोंबली. काठची दलदल वाळली, हिवाळ्यात येणारी बदकं नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. मग कालव्याचा काही भाग बुजवून नदीला जुनी वळणं परत द्यायचं काम १९९९मध्ये सुरू झालं आणि २०२१मध्ये संपलं. सरळ करायला एक दशक, त्यातला काही भाग परत आणायला दोन.

ठरलं ते असं : पायवाट फक्त रस्त्याच्या बाजूला, झाडं खुंट्यांच्या रेषेबाहेर, खोलीकरण आणि कारंजं रद्द, दिवे पाण्याकडे नकोत. निधीतली रक्कम मोरी उघडायला. मला यापेक्षा जास्त काही नको होतं.

१० मार्च

पाणी उतरलं. भेगाळलेला चिखल बघून 'मेलं तुमचं पाणथळ' असं ऐकायला मिळतंय. तसं नाही. आटणं हा या जागेच्या वर्षाचाच भाग आहे. चिखल उघडा पडला की त्यातल्या बियांना रुजायला वाव मिळतो, बाहेरून आणून सोडलेले मोठे मासे टिकत नाहीत. टँकरने पाणी आणून सोडायची सूचना आली होती, ती नम्रपणे नाकारली.

खरा धोका वेगळा आहे. कोरडी जागा दिसली की रात्री राडारोड्याची वाहनं येतात. पंधरवड्यात पश्चिमेचा कोपरा भरून टाकला. ज्या कार्यालयाचं हे काम, तिथे तोंडी सांगितलं तर उत्तर आलं की ही जागा त्यांच्याकडे येत नाही. मग लेखी अर्ज दिला : जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख-वेळ असलेले फोटो, ऑक्टोबरच्या खुंट्यांचे फोटो आणि उपग्रहचित्रं. पोच घेतली, शिक्का घेतला. पाठोपाठ त्याच अर्जाची प्रत वरच्या कार्यालयाला. मग पाहणीला माणसं आली. खुंट्यांच्या फोटोंपुढे 'इथे पाणी नसतंच' हे म्हणणं टिकलं नाही.

तोवर वाहनं शिरतात त्या तोंडाशी मोठे दगड आडवे टाकले, गुरं आणि माणसं जातील एवढी फट ठेवून. टाकणं थांबलं ते प्रत्यक्षात या दगडांनी. पडलेला राडारोडा काढायला मात्र जलपर्णीहून जास्त खर्च आला आणि वर्षभराची शिल्लक तिथे गेली. म्हणून सांगतो, दगड आधी टाका.

२ मे

पाणकणीस कापलं. पावसाआधी कापून रेषेबाहेर न्यायचं म्हणजे त्यात शिरलेला फॉस्फरस बाहेर जातो. तसंच ठेवलं तर कुजून तो परत पाण्यात. एकदम सगळं कापलं नाही, निम्मं उभं ठेवलं. त्यात पाणकोंबड्यांचा वावर आहे. कापलेलं आणि वाळलेली जलपर्णी यांचं खत करतोय. सांडपाण्यात कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर हे खत भाजीपाल्याला अजिबात घालू नये, जलपर्णी जड धातू शोषून घेते.

२१ जून

मोरी उघडली आणि ओढ्याचं पाणी कित्येक वर्षांनी आत आलं. मध्यंतरी झालेल्या मोठ्या पावसात मापपट्टीवर पातळी झरझर चढली आणि नंतर कितीतरी दिवस हळूहळू उतरत राहिली. खालच्या गल्लीत एरवी अशा पावसात पाणी भरतं, यंदा भरलं नाही. एका पावसावरून निष्कर्ष काढणार नाही, पण वही गल्लीतल्या लोकांना दाखवली. पक्ष्यांचं ज्यांना काही वाटत नाही त्यांना हा आकडा लगेच कळतो.

१७ जुलै

डासांची तक्रार. रास्त आहे, लहान मुलं आहेत घरोघरी. पळीने पाणी काढून काढून तपासलं. मोकळ्या पाण्यात डासांच्या अळ्या जवळपास नाहीत, तिथे चतुराच्या अळ्या आणि लहान मासे त्यांना शिल्लक ठेवत नाहीत. अळ्या सापडल्या त्या काठावर फेकलेल्या टायरांत, प्लास्टिकच्या डब्यांत आणि सांडपाण्याच्या खड्ड्यात. टायर-डबे उचलले. खड्ड्यावरची साय आता दर आठवड्याला काढतो. डास खायला गंबुशिया मासे सोडा असा सल्ला मिळाला. ते बेडकांची पिल्लं आणि इतर जीवही फस्त करतात, त्यामुळे नाही. घरच्या टाकीतले मासे आणि लाल कानाची कासवं आणून सोडणाऱ्यांनाही विनंती करणारा फलक लावला.

३० ऑगस्ट

जलपर्णीची बारीक रोपं पुन्हा उगवली. तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं तग धरतं, तेव्हा हे काम एका मोसमात संपणारं नाहीच. फरक इतका की आता रोप बोटाएवढं असताना दोन माणसं टोपलं घेऊन फिरली तरी पुरतं. वस्तीतल्या घरांनी आळीपाळी लावून घेतली आहे.

१९७० ते २०१५ या काळात जगातल्या सुमारे ३५ टक्के पाणथळ जागा गेल्या, जंगलांपेक्षा तिप्पट वेगाने. १९७१च्या २ फेब्रुवारीला इराणमधल्या रामसरला पाणथळ जागा वाचवण्यासाठी देशांचा करार झाला, तरीही. उलट दिशेचीही उदाहरणं आहेत. ओडिशातलं चिलिका खारं सरोवर गाळाने समुद्रापासून तुटत चाललं होतं. २०००मध्ये नवं मुख उघडलं, मासळी परतली आणि २००२मध्ये रामसर कराराच्या धोक्यातल्या जागांच्या यादीतून त्याचं नाव निघालं. तिथेही आधी पाण्याची वाट मोकळी केली.

१८ ऑक्टोबर

नवा प्रश्न : सांडव्याची उंची वाढवून पाणी जास्त दिवस धरायचं का? मासे धरणाऱ्यांना हवं आहे, त्यांचं पोट त्यावर आहे. पण कायमची भिंत चढवली तर दक्षिणेचा काठ पक्षी येण्याच्या दिवसांतच बुडेल. तोडगा म्हणून सांडव्यात खाचा करून सरकत्या लाकडी फळ्या बसवल्या. पावसाळ्याच्या शेवटापर्यंत सगळ्या फळ्या आत. नोव्हेंबरपासून दर पंधरा दिवसांनी एक फळी काढायची, म्हणजे चिखल एकदम उघडा न पडता पट्ट्यापट्ट्याने उघडत जातो आणि पक्ष्यांना हिवाळाभर खाणं मिळतं. खोल भाग मासेमारीसाठी मोकळा राहतो. फळ्यांच्या कुलपांच्या किल्ल्या मासे धरणाऱ्यांच्या मंडळाकडे आणि आमच्याकडे, दोघे असल्याशिवाय फळी हलणार नाही.

फळ्या पाण्याने फुगून खाचेत अडकतात. दोन्ही टोकांना कडी ठोकून घ्या आणि फळी खाचेपेक्षा बोटभर अरुंद कापा. फट राहते ती चिखल आणि गवताने बुजते.